ढुशी आणि हातपंप

रत्नागिरीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट लावणारा माझ्याएवढा मोठा माणूस दुसरा झाला नाही. म्हणजे दुसरा एकच होता, माझे मेव्हणे, आणि ते माझ्यापेक्षा मोठे होते. पण लिहितोय मी, तेव्हा आधी माझं.

माझ्या या उजव्या मांडीने पंचवीस वर्षांत इतकं कार्पेट ताणलंय, की ते सगळं एकाला एक जोडलं तर हातखंब्याच्या नाक्यापासून गोव्याच्या हद्दीपर्यंत हायवेवर अंथरून होईल आणि वर उरेल. खड्डे झाकले जातील हा आणखी फायदा.

लोकांना वाटतं कार्पेट म्हणजे सतरंजी. टाकली, झटकली, बसले. तसं नसतं. खोलीच्या चारी कडांना आधी काटेरी पट्टी ठोकायची. लाकडाची पट्टी, तिच्यातून खिळ्यांची टोकं वर आलेली. मग कार्पेट मृदंगाच्या कातड्यासारखं ताणून त्या काट्यांत अडकवायचं. ढिलं राहिलं की मधोमध पोट सुटतं. आणि आमच्या रत्नागिरीच्या हवेत तर माणसाचं सुटणार नाही इतक्या लवकर कार्पेटचं सुटतं. इथे मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, सोमवारी तळलेला पापड मंगळवारी घडी घालून खिशात ठेवता येतो, तिथे कार्पेटची काय कथा! एका लॉजवाल्याने हट्टाने न ताणता कार्पेट टाकून घेतलं. जुलैपर्यंत खोलीत अशा डोंगररांगा उठल्या, की पाहुणा दारातून पलंगापर्यंत जाताना मध्ये दोनदा दिसेनासा व्हायचा. शपथेवर सांगतो. बरं, एकदा दिसेनासा व्हायचा.

तर हे ताणायचं कशाने? आमच्याकडे हातभर लांबीचं हत्यार होतं. पुढच्या टोकाला दात, ते कार्पेटात रुततात. मागच्या टोकाला गादी. गुडघ्यांवर ओणवं व्हायचं, एका हाताने हत्यार दाबून धरायचं आणि गुडघ्याच्या वर चार बोटं सोडून, मांडीने, त्या गादीला धक्का द्यायचा. कार्पेट अर्धा बोट पुढे सरकतं. मग पुन्हा धक्का. खोक्यावर त्याचं काहीतरी इंग्रजी नाव होतं. मेव्हण्यांनी पहिल्या दिवशी दोन धक्के मारून बघितले आणि म्हणाले, "ही तर ढुशी!" वासराला पान्हा हवा असला की ते गाईच्या कासेला डोकं हाणतं, ती ढुशी. त्या दिवसापासून हत्याराचं नाव ढुशी, आणि आम्ही दोघं वासरं.

मेव्हणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. आतल्या गावचे, शेतीवाडीचे. लग्नात त्यांनी माझा कान असा पिळला, की तो अजून दुसऱ्या कानापेक्षा पाव इंच लांब आहे. बोलणं मोजकं, पण गणपतीत गावच्या जाखडी नाचाला मृदंगावर बसले की पाच वाड्यांतली माणसं गोळा व्हायची. तोच ताल त्यांनी कामात आणला. कारण त्यात एक अडचण होती. मोठ्या हॉलमध्ये दोघं शेजारी-शेजारी ओणवे होऊन ढुशी मारतात, तेव्हा दोघांचा धक्का एकाच क्षणी बसायला हवा. एक आधी, एक मागून, असं झालं की मधून तिरकी सुरकुती धावत जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून मेव्हणे तोंडाने बोल धरायचे. "धिं-ता, धिं-ता, धिं-ता, हा!" त्या "हा"वर दोघांच्या मांड्या एकदम. धप्प.

एकदा एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही काम करत होतो. खाली डॉक्टर लोकांच्या नाड्या बघत होते. दुपारपर्यंत डॉक्टर वर आले आणि हात जोडून म्हणाले, "बाबांनो, जरा थांबा. सकाळपासून बारा पेशंट तपासले, बाराही जणांची नाडी एकसारखी चालतेय." आता यातलं थोडं माझं असेल. पण ते हात जोडून वर आले होते, हे खरं.

आमचं सगळ्यात मोठं काम म्हणजे शहरातल्या एका संस्थेचं सभागृह. मधोमध जोड घेतला. स्टेजकडे तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू मेव्हण्यांची, उजवी माझी. मधला पट्टा दोघांनी मिळून ताणला, पुढे आपापल्या भिंतीकडे ज्याने त्याने. अकरा दिवस लागले. शेवटच्या दिवशी आम्ही दोघं त्या लालबुंद कार्पेटवर उताणे पडलो होतो. मेव्हणे छताकडे बघत म्हणाले, "भावोजी, माझ्या बाजूला गोटी टाकली तर थेट भिंतीला जाऊन लागेल."

"आणि माझ्या?"

"तुमच्या बाजूला जरा चढण लागेल. पण पोचेल हळूहळू."

असं आयुष्य चाललं होतं आणि ते असंच चालणार असं मी धरून होतो. ढुशी मात्र हिशेब ठेवत होती.

एका हॉटेलच्या खोलीत "धिं-ता" नंतर "हा" यायला किंचित वेळ लागला. मला वाटलं माझाच कान. मेव्हण्यांचा ताल चुकणं म्हणजे मांडवी जेटीवर पश्चिमेच्या समुद्रातून सूर्य उगवणं. पुन्हा तेच. मान वळवून बघतो तर मेव्हणे उजव्याऐवजी डाव्या मांडीने मारत होते, आणि पाय बदलून बसायला जो वेळ लागत होता तेवढा "हा" लांबत होता. मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातल्या ज्या पाच-सहा वेळा मी काही बोललो नाही, त्यातली ही एक.

घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "दादा जिना उलटा उतरतो. भिंतीकडे तोंड करून. तुम्हाला आत्ता कळलं?"

डॉक्टरांनी त्यांना ढुशी बंद करायला सांगितलं होतं. त्यावर मेव्हण्यांचं उत्तर होतं, "डॉक्टर कार्पेटवर चालतात. त्यांना काय कळतंय खालचं?"

मला एकच भीती होती. गुडघा जाईल, जावो, सगळ्यांचा जातो. पण गुडघ्यामागून मेव्हणे जातील. जोडीदार गेला तर मी ओणवा होऊन कुणाशेजारी बसणार? म्हणून मी मुंबईहून यंत्र मागवलं. एकात एक बसणाऱ्या लोखंडी नळ्या. पुढे दातांचं डोकं, ते कार्पेटात रोवायचं. मागचा पाय समोरच्या भिंतीला टेकवायचा. आणि मध्ये दांडा. दांडा दाबला की सगळं यंत्र लांबतं आणि कार्पेट निमूटपणे पुढे जातं. दहा ढुशांचं काम एका दाबात, तेही गुडघ्याला धक्का न लावता. नावात पॉवर होतं. मेव्हण्यांनी सगळ्या नळ्या उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि विचारलं, "प्लग कुठाय?"

"प्लग नाही. दांडा दाबायचा नुसता."

"मग पॉवर कुणाची?"

"तुमचीच. पण थोडी लागते."

त्यांनी दांडा चार वेळा वरखाली केला. "आमच्या गावात होता असा," म्हणाले. "हातपंप."

पहिलं काम एका वकिलांच्या कचेरीत. यंत्राचा मागचा पाय मी ज्या भिंतीला टेकवला, ती भिंत नव्हती. प्लायवूडची आडभिंत होती, वरून रंग दिलेला. पलीकडे वकीलसाहेब जमिनीच्या हद्दीच्या भांडणात एका म्हाताऱ्याला धीर देत होते, "काका, निश्चिंत राहा. कुणाच्या बापाला आपली हद्द इंचभर सरकवता येणार नाही." त्याच वेळी मी दांडा दाबला. कार्पेट जागचं हललं नाही. भिंत चार बोटं पलीकडे गेली, वकिलांच्या टेबलाला लागली, आणि म्हातारा ओरडला, "सरकली, साहेब, सरकली!"

मेव्हणे असे हसले की त्यांना जमिनीवर बसावं लागलं आणि बसल्यावर उठवावं लागलं. पुढे कितीतरी दिवस मी या हसण्याच्या जोरावर समजत होतो की यंत्र त्यांना आवडलं.

आवडलं असतं तर ते बोलले असते. यंत्रावर दोघांना एकदम मारायचं काही नसतं. एकाने दाबायचं, एकाने बघायचं. ताल लागत नाही. खोल्यांमध्ये फक्त दांड्याची करकर आणि माझी बडबड. मेव्हणे दांडा दाबायचे, कार्पेट काट्यांत बसायचं, मेव्हणे पुढे सरकायचे. काम पूर्वीपेक्षा चांगलं होत होतं. मी खोटं सांगणारा माणूस आहे, पण हे खोटं सांगवत नाही. ढुशीने आम्ही जे ताणलं त्याहून यंत्राने जास्त ताणलं गेलं, आणि निम्म्या वेळात.

मग मी चूक केली. ती चूक आहे हे तेव्हा कळलं नाही, उलट मी स्वतःला मोठा समजूतदार वाटलो. जयगडला एक छोटी खोली होती. मी फोन करून म्हटलं, "मेव्हणे, एकट्याचं काम आहे. तुम्ही कशाला खाली-वर करता? येऊ नका, आराम करा." पुढच्या आठवड्यात पुन्हा एक छोटं काम. पुन्हा तेच. असं चार वेळा. पाचव्यांदा मोठा हॉल आला, म्हणून बोलवायला फोन केला, तर वहिनी म्हणाल्या, "ते खेडला गेले. पोराच्या मोबाईलच्या दुकानात बसतात. सांगितलं नाय तुमाला?"

नाही सांगितलं. मी दोन-तीनदा खेडला गेलो. दुकानात स्टुलावर बसून ते मोबाईलच्या काचांवर पारदर्शक कागद मापाने चिकटवत होते. एकाही कागदाखाली बुडबुडा नव्हता. मला चहा पाजला, बहिणीची चौकशी केली, स्टँडपर्यंत सोडायला आले. कामाचं नाव काढलं नाही, आणि मी काढू लागलो की विचारायचे, "भावोजी, तुमच्या मोबाईलला कवर नाय घातलंत?" माझ्याकडे आता एका मोबाईलची चार कव्हरं आहेत.

गिऱ्हाइकं विचारायची, "तुमचे ते जोडीदार कुठे?" खेडला स्टुलावर बसलेत असं माझ्या तोंडून निघेना. मी म्हणायचो, दुबईला. हळूहळू तिथे त्यांना एक शेख मिळाला. मग शेखाला महाल मिळाला, महालाला तीनशे खोल्या, आणि माझे मेव्हणे प्रत्येक खोलीत स्वतः ढुशी मारतात, शेख बाजूला उभा राहून दाद देतो. इतक्या वेळा सांगितलं की खोल्यांचे रंगही मला दिसू लागले. कधी कधी तर वाटायचं, दुबईला असते तर बरं झालं असतं. तिथून माणूस सुट्टीवर तरी येतो.

यंदा पावसाळा संपल्यावर त्या सभागृहातून फोन आला. कार्पेटला पोट सुटलं होतं. मी जाऊन बघितलं. उजव्या बाजूला, चौथ्या रांगेपासून भिंतीपर्यंत, चांगलं गाभण पोट. उजवी बाजू म्हणजे माझी. डाव्या बाजूवर इतक्या वर्षांनी खरोखरच गोटी टाकली असती तर भिंतीला लागली असती. मी तिथूनच खेडला फोन लावला.

"मेव्हणे, सभागृहाच्या कार्पेटला पोट आलंय."

"कुणाच्या बाजूला?"

खरं सांगायचं होतं. तोंडातून आलं, "तुमच्या."

पलीकडे कुणीतरी मोबाईलच्या रिंगटोन एकामागून एक वाजवून बघत होतं.

"चष्मा लावून बघितलात?"

"लावून बघितलं."

"कुणी पाणी ओतलंनी असेल."

"पाणी नाही. ढिलं पडलंय."

"हात लावू नका," मेव्हणे म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीने येतो."

आले. मी रिक्षा घेऊन स्टँडवर गेलो. बायकोने बजावलं होतं की दादाला आधी घरी जेवायला आण. ते म्हणाले, आधी पोट दाखवा. सभागृहाच्या दारात वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. "अरे वा काका, दुबईहून कधी आलात?"

मेव्हण्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"सकाळीच," मेव्हणे म्हणाले.

"शेखसाहेब बरे आहेत?"

"बरे हायत. पण गुडघे धरलेत त्यांचे."

आत गेल्यावर त्यांनी चपला काढल्या. डाव्या बाजूला, अनवाणी, डोळे मिटून, भिंतीच्या कडेने पुढून मागे गेले. मग रांगांमधून. मग उजवीकडे आले. चौथ्या रांगेशी पाय थांबला, तळव्याखाली ते पोट दबलं आणि पलीकडे वर आलं. त्यांनी डोळे उघडले.

"ही बाजू कुणाची?"

"आता बघा मेव्हणे, तुम्ही स्टेजवर उभे राहून बघितलंत तर ही डावी..."

"भावोजी."

"माझी."

ते फिरून दाराकडे चालू लागतील असं मला वाटलं. त्याऐवजी ते पहिल्या रांगेत खुर्चीत बसले, उजवा पाय सरळ केला आणि म्हणाले, "साडेतीनच्या गाडीने जाईन. तोवर करा. बघतो तुमचा हातपंप."

मी केलं. दुपारी दोनपर्यंत चौथ्या रांगेपासून भिंतीपर्यंतचं पोट गेलं. मेव्हण्यांनी उठून तळहात फिरवला. "चांगलं ताणलंय," म्हणाले. "ढुशीने एवढं नसतं झालं." हे वाक्य ऐकायला मी किती दिवस थांबलो होतो, आणि ऐकल्यावर मला ते परत त्यांच्या तोंडात घालावंसं वाटलं.

राहिल्या माझ्याच बाजूच्या मागच्या चढणीच्या पायऱ्या, त्यांचंही कार्पेट ढिलं. चौदा. पायऱ्यांवर यंत्र चालत नाही. एवढ्या नळ्या पसरायला जागा कुठे? पायरीला ढुशीच लागते. एकाने मारायचं, दुसऱ्याने बोथट छिन्नीने कार्पेटची कड कोपऱ्यात खुपसायची. मी पिशवीतून ढुशी काढली. मेव्हणे माझ्या वरच्या पायरीवर बसले आणि छिन्नीसाठी हात पुढे केला.

मी ढुशी टेकवली, मांडी मागे घेतली आणि थांबलो. त्यांनी बोल धरावा म्हणून थांबलो होतो. त्यांनी धरला नाही. मी मारली. धप्प. त्यांनी कड खुपसली. दुसरी पायरी. पुन्हा थांबलो. पुन्हा काही नाही. इतक्या मोठ्या सभागृहात तेवढा एकच आवाज, आणि तो माझा एकट्याचा.

सातव्या पायरीवर मी म्हटलं, "तेव्हा येऊ नका म्हणालो ते तुमच्या गुडघ्यासाठी."

"ठाऊक हाय."

"मग राग कसला?"

छिन्नी कोपऱ्यातून पुढे सरकत गेली. "राग नाय वो," मेव्हणे म्हणाले. "तुमचा फोन आला ना, येऊ नका म्हणून, तेव्हा मी अर्धी चप्पल घातली होती. ती काढली आणि परत आडवा झालो. एवढं बरं वाटलं, काय सांगू. दुसऱ्यांदा आला तेव्हा बी बरं वाटलं. मग सकाळी उठून फोनची वाट बघायला लागलो. कामाची नाय, येऊ नका ह्याची. असला माणूस जोडीला कशाला?"

माझ्याकडे यावर बढाई नव्हती. वकिलांची भिंत, दुबईचा शेख, हायवेवरचं कार्पेट, सगळं खिशात होतं, आणि एकही बाहेर काढता येईना.

"पंचवीस वर्षं दुखलं असेल तर बरं वाटणारच," मी म्हटलं.

"दुखत होतं तेव्हा बी कामावर यायला बरं वाटत होतं," ते म्हणाले. "तेच तर."

आम्ही आठवी केली, नववी केली.

"परत याल?" मी विचारलं. विचारून टाकलं.

"नाय, भावोजी." आवाजात काही नव्हतं, पुढची पायरी सांगावी तसं. "स्टूल बरं हाय. उंचीला बरोबर बसतं."

दहावी झाली. घड्याळ स्टेजच्या वर होतं, तीनला दहा कमी. पुढच्या चार पायऱ्यांना वीस मिनिटं लागली असती, स्टँड रिक्षाने दहा मिनिटांवर. साडेतीनची गाडी आरामात मिळाली असती. मी दहाव्या पायरीची कड धरली आणि काट्यांवरून खरखर ओढून काढली.

"ही झाली होती," मेव्हणे म्हणाले.

"ढिली वाटली."

त्यांनी तळहात ठेवून बघितला. "नव्हती ढिली."

मी ढुशी टेकवली. मारली. हळू मारली, मग पुन्हा मारली. एरवी पाच मिनिटांत होणारी पायरी मी पावणेदहा मिनिटं केली, आणि ती होईपर्यंत मान वर करून घड्याळ बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं. त्यांना कळलं होतंच. तीन वाजले. मी अकरावीवर गेलो आणि तिची कडसुद्धा दोनदा सोडवून पुन्हा बसवली. सव्वातीन झाले. खाली वॉचमन कुणाला तरी सांगत होता, दुबईवाले आलेत, वर काम करतायत.

मेव्हण्यांनी उजवा पाय दोन्ही हातांनी उचलून खालच्या पायरीवर ठेवला, मग डावा. मला वाटलं उठतायत. ते उठले नाहीत. दोन पायऱ्या बसल्या बसल्या खाली सरकले, नवव्या पायरीच्या कोपऱ्यात छिन्नीचं टोक घातलं आणि आम्ही दोघांनी चांगली ताणून बसवलेली कड टर्रकन उचकटली.

"ही बी जरा ढिलीच हाय," म्हणाले. "मारा. पाचची गाडी गावेल."